‘स्कोअर किती?’ एवढ्यावर भागत नाही

एप्रिल-मे २०२१ मध्ये करोनाच्या रुग्णाची चौकशी करायला फोन केला, की पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘स्कोअर किती आला?’ छातीच्या एचआरसीटी स्कॅनवरून काढलेला हा पंचवीसपैकी आकडा. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी शून्य ते पाच गुण देऊन तो ठरवला जाई. आकडा आठ असला तर घरच्यांना हायसे वाटे, अठरा असला तर त्यांचे धाबे दणाणे. सौम्य लक्षणे असलेलेही स्कॅन करून घेऊ लागले, तेव्हा ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना अशा स्कॅनची गरज नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले.

श्वसनमार्गाच्या विषाणूसंसर्गाने दाखल झालेल्यांपैकी कोणाचा आजार बळावेल, हे आधी ओळखणे मात्र खरोखरच महत्त्वाचे असते. अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या असतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण औषधांचे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये दिसले, की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे औषध तेच, पण ते कोणाला आणि कधी द्यायचे यावर सारे अवलंबून. आपल्याकडे स्टिरॉइडचा अनाठायी वापर आणि आटोक्यात नसलेली रक्तातील साखर यांनी म्युकरमायकोसिसला कशी वाट करून दिली, हे दुसऱ्या लाटेत आपण पाहिले.

मग भाकीत करायचे कशावरून? ब्रिटनमधील संशोधकांनी पहिल्या लाटेत दाखल झालेल्या ३५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून ‘फोर-सी’ गुणांकन तयार केले आणि नंतरच्या २२ हजारांहून अधिक रुग्णांवर ते पडताळले. त्यात आठच गोष्टी आहेत : वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, रुग्णाची शुद्ध, रक्तातील युरिया आणि सीआरपी. यांत स्कॅन नाही. पहिल्या सहा गोष्टी तर खाटेजवळ उभे राहून, विचारून आणि मोजून कळतात. श्वास मिनिटाला तीस किंवा अधिक झाले, की दोन गुण. ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली गेला, की आणखी दोन.

तरीही हे गुणांकन म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. एकवीसपैकी सात गुण एकट्या वयाला मिळू शकतात. त्यामुळे तीस-पस्तिशीतल्या रुग्णाला धाप लागलेली असली, तरी त्याचे गुण कमीच भरतात. ते मृत्यूचा धोका सांगते. उद्या प्रकृती आणखी खालावेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी याच गटाने पुढे स्वतंत्र मोजमाप तयार केले. शिवाय मूळ नोंदी लसीकरणापूर्वीच्या आहेत. लस आणि नवे उपचार आल्यावर तेवढ्याच गुणांमागचा धोकाही बदलतो. करोनाविषयीच्या अशा शेकडो प्रारूपांचा आढावा ‘बीएमजे’ने प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील बहुतेकांत पूर्वग्रहाची शक्यता मोठी असल्याचे आढळले. फोर-सी हे त्यातल्या त्यात भरवशाच्या मोजक्यांपैकी एक.

साध्या उपकरणांनाही मर्यादा आहेत. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ठीक दिसत असूनही प्रत्यक्षात तो घटलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांत सुमारे तिप्पट निघाले. सावळ्या कातडीच्या आपल्या देशात हे विसरून चालणार नाही.

म्हणून आयते गुणांकन उचलण्याआधी ते आपल्या रुग्णांवर पडताळून पाहायला हवे. त्यासाठी नोंदी नीट हव्यात आणि त्याची सुरुवात श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्यापासून होते. गर्दीच्या वॉर्डात ही नोंद अनेकदा अंदाजाने लिहिली जाते. ती दर काही तासांनी खरोखर मोजली, तर सकाळी अठरा असलेले श्वास संध्याकाळी अठ्ठावीस झाल्याचे लक्षात येईल. तोच धोक्याचा इशारा असतो. फ्लूच्या साथीत आपले माणूस दाखल असेल, तर ‘स्कोअर किती?’ याच्या जोडीला डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा : ‘कालच्यापेक्षा आज श्वास कसा आहे?’