पहिली रांग पितरांची

लेकीकडे सिंगापूरला गेले होते. ऑगस्टचे दिवस. एका संध्याकाळी खालच्या मैदानात मांडव पडला, दिवे लागले, चमचमत्या कपड्यांतल्या गायिका आल्या. पहिली रांग मोकळी बघून मी बसायला निघाले, तर लेकीनं हात धरला. ‘आई, ती जागा पितरांची!’ चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात पितर येतात, त्यांच्यासाठी हा ‘गेताई’. म्हणजे आपल्या पितृपक्षात ऑर्केस्ट्रा म्हणा ना!

शेजारच्या चिनी आजी होक्किएन गाणी ऐकून मान डोलवत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या. त्यांची नात मला इंग्रजीत म्हणाली, ‘मला यातलं फारसं कळत नाही.’

असं का व्हावं? १९७९ मध्ये सिंगापूर सरकारनं ‘मँडरिन बोला’ मोहीम काढली. चिनी समाजाची भाषा एक असावी, हा हेतू वाईट नव्हता. पण पुढच्या काही वर्षांत रेडिओ-टीव्हीवरून होक्किएन कार्यक्रम जवळजवळ हद्दपारच झाले. तैवानमध्ये तर शाळेत होक्किएन बोललं की मुलांना शिक्षा व्हायची. तिथला लष्करी कायदा उठला १९८७ मध्ये. घराला हातभार म्हणून लहानपणापासून गाणारी जोडी चियांग पुढे याच भाषेची लाडकी गायिका झाली.

माझं मँडरिनशी भांडण नाही हं. तेरेसा तेंगचा मधाळ आवाज मलाही आवडतो. आणि तिनं तर मँडरिनबरोबर होक्किएनमध्येही गायलं! दोन्ही भाषा एका गळ्यात सुखानं नांदू शकतात, मग एका घरात का नाही? नवी भाषा शिकवायची म्हणून जुनी तोंडातून काढून घ्यायची, हे मला पटत नाही. त्याची किंमत मोजतात त्या घरातल्या आज्या. नातवंडं समोर असतात, पण मनातलं सांगायला शब्द नसतात.

गेताईनं गाणी जपली, याचं कौतुकच आहे. पण वर्षातून एक महिना मांडवात गाऊन भाषा टिकत नाही. ती रोज जेवताना बोलावी लागते.

घरी आल्यावर माझ्या नातीला जात्यावरची एक ओवी म्हणून दाखवली. ‘आजी, जातं म्हणजे काय गं?’ तिनं विचारलं.

मी सांगायला बसले. अकरा कधी वाजले, कळलंच नाही.