मोबाईल दिला, आता अभ्यासाला जागाही द्या



मार्च २०२० पासून महाविद्यालये बंद होती. त्यानंतरचे दहा महिने आपल्या वस्तीतली मुले-मुली मोबाईलवरच शिकत होती. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षाही ऑक्टोबर २०२० मध्ये ऑनलाइन झाल्या. हातची कामे गेलेली असतानाही आईवडिलांनी उसनवारी करून, कुणी कानातले गहाण ठेवून मोबाईल घेतले. या त्यागाला आमचा सलाम. पण मोबाईल घेऊन दिला की आपली जबाबदारी संपली, असे मानू नये, हे आम्हाला सांगायचे आहे.

मोबाईलमध्ये फक्त फळा येतो. महाविद्यालयात बाक होता, पंखा होता, ग्रंथालय होते, मैत्रिणी होत्या आणि चार तासांची शांतता होती. दहा बाय बाराच्या खोलीत यांतले काहीच नाही. टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, धाकट्याची शाळाही तेव्हा त्याच मोबाईलवर. रोजचा दीड जीबीचा पॅक तीन-चार तासांत संपायचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत शहरांतल्या ४२ टक्के आणि खेड्यांतल्या १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती. म्हणजे ही अडचण एकट्या आपल्या घराची नाही. त्यात मुलाने लाज वाटून घेण्यासारखे काही नाही.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला, कारण त्याचे परिणाम शरीरावर दिसू लागतात. डोळे चुरचुरतात, मान अवघडते, डोके दुखते. घर झोपल्यावरच अभ्यास होतो, म्हणून झोप मोडते. झोप मोडली की चिडचिड वाढते आणि वाचलेले लक्षात राहत नाही. डॉक्टर सांगतात, दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. आपल्या खोलीत २० फूट कुठून आणणार? मग दारात या आणि वस्तीच्या तोंडाशी असलेल्या निळ्या झेंड्याकडे पाहा. मोबाईल मांडीवर न धरता डब्यावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांसमोर ठेवा. अंधारात तो पाहू नका, दिवा लावा. पापण्या मिटत राहा. अंथरुणावर पडल्यावर मोबाईल हातात नको.

जागा नाही म्हणून अभ्यास नाही, असे म्हणण्याआधी बाबासाहेबांचे बालपण आठवू या. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. सुभेदार रामजी भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता त्यांना अभ्यासाला उठवत. मग त्याच जागी स्वतः आडवे होत. खोली मोठी करणे त्यांच्या हातात नव्हते, पण वेळ वाटून देणे हातात होते. भीमरावांची झोपही त्यांनी मोडू दिली नाही, ती फक्त आधी घडवली. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याची अडचण ओळखून सोय करण्याची रीत आपल्याला त्यांनीच घालून दिली.

म्हणून घरोघरी एक ठरवा. दिवसातले दोन तास टीव्ही बंद, मोठ्याने बोलणे बंद. आणि हे तास मुलीलाही द्या. ती घरी आहे म्हणून पाणी, भांडी, स्वयंपाक, धाकटी भावंडे सगळे तिच्यावर पडते. मोबाईल आधी मुलाला, उरला तर तिला. एखादे चांगले स्थळ आले की शिक्षण थांबते. सावित्रीमाईंची जयंती आपण दरवर्षी साजरी करतो. त्यांच्या लेकीची तासिका भांड्यांपायी बुडत असेल तर त्या हाराला काय अर्थ?

'पोरे मोबाईलवर टाइमपास करतात,' असे वडीलधारी मंडळी म्हणतात. काही करतातही. पण दिवसभर एका खोलीत कोंडलेल्या तरुणाला ओरडून अभ्यास होत नाही. त्याच्याजवळ बसून आज काय शिकवले, हे विचारले तर जास्त उपयोग होतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये विहारे पुन्हा उघडली. वंदनेनंतर दिवसभर ती रिकामी असतात. तिथे अभ्यासिका सुरू करा. खिडक्या उघड्या, खोकला-ताप असलेल्याने घरी थांबायचे. मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून एक वायफाय घ्यावे. ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर गर्दी न करता आपण घरूनच अभिवादन केले. ती शिस्त इथेही पाळता येईल.

महाविद्यालयांनीही समजून घ्यावे. तासिकेचे रेकॉर्डिंग आणि छापील टिपणे द्यावीत, नेटवर्क गेले म्हणून गैरहजेरी लावू नये. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांची ५९ हजार कोटींची योजना मंजूर केली. पण अर्जच भरला नाही तर पैसा येणार कुठून? महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो. ज्यांना तो भरता येतो, त्यांनी शेजारच्या दोघांचा भरून द्यावा.

शेवटची गोष्ट मनाची. मूल गप्प झाले, जेवेना, झोपेना, 'मला नाही जमणार' म्हणू लागले, तर त्याला आळशी म्हणू नका.  स्वतः बोला, त्यालाही बोलू द्या.

कोरोनाची साथ ओसरली. पण त्या वर्षी डिलिव्हरीच्या कामाला लागलेला मुलगा आणि लग्न करून दिलेली मुलगी पुन्हा वर्गात येणे फार अवघड आहे. आपल्या वस्तीत असे कोण आहे, हे या रविवारी वंदनेनंतर विहारातच विचारा आणि नावे लिहून घ्या. मग त्या घरी जा.