शीरखुर्म्याच्या भांड्यासोबत एक पुस्तक

रमजान सुरू झाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "म्हणजे पाणीसुद्धा नाही?" त्याचे उत्तर सोपे आहे. नाही, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही. दुसरा प्रश्न जरा ओळख वाढल्यावर येतो. "तुमच्या लोकांबद्दल काही चांगले वाचायचे, बघायचे असेल तर काय सुचवाल?" हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर "बघा काहीतरी" असे देऊन चालत नाही. आज त्याचेच उत्तर देतो. यातली आवडनिवड माझी आहे आणि मतेही माझीच आहेत.

आधी एक खुलासा. पुष्कळ मुस्लिम घरांत या महिन्यात टीव्ही बंद असतो. गाणे, सिनेमा बाजूला ठेवून कुराण पठण, नमाज, तरावीह यांना वेळ दिला जातो. त्या भावनेचा मला आदर आहे. अशा घरांनी पुढची यादी कापून ठेवावी आणि ईदनंतर काढावी. इतर वाचकांना आजपासूनच मोकळीक आहे.

आपण रत्नागिरीकर एकमेकांना ओळखतो कशावरून? बाजारात, एसटीत, मिरकरवाड्याच्या लिलावात, आंब्याच्या हंगामात रोज भेटतो. पण दार लोटल्यावर शेजारी कसा राहतो, हे बरेचदा पडद्यावरून ठरवतो, आणि पडद्याने आपल्याला फसवले आहे. जुन्या हिंदी सिनेमातला मुसलमान म्हणजे लखनौचा नवाब. १९६० चा 'चौदहवीं का चाँद', १९६३ चा 'मेरे महबूब', १९७२ चा 'पाकीजा' आठवा. शेरवानी, चिलमन, शायरी, मुजरा. पुढे नवाब गेले आणि त्यांच्या जागी तस्कर आले, मग बंदूकवाले आले. या सगळ्यांत आमचा कोकणी मुसलमान कुठेच नाही. तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण खाणारा, बोटीवर किंवा आखातात नोकरी करून गावी घर बांधणारा, घरात कोकणी बोली बोलणारा माणूस सिनेमावाल्यांना दिसलाच नाही. मराठी चित्रपटात तो क्वचित येतो, आणि आला की सोबत एखादा 'प्रश्न' घेऊनच येतो. साधे घर चालवणारा मुसलमान कथेला पुरत नाही, असे बहुधा लेखकांना वाटत असावे.

म्हणून माझी पहिली शिफारस आपल्याच जिल्ह्यातली आहे, आणि ती थोडी अडचणीचीही आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. 'लाट' हा त्यांचा कथासंग्रह १९६१ चा आणि 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. दलवाईंचे नाव काढले की आमच्यातल्या काही घरांत कपाळाला आठी पडते. काही हिंदू मित्र तेच नाव वादात "बघा, तुमचाच माणूस काय म्हणतो" असे ऐकवायला वापरतात. दोघांपैकी फार थोड्यांनी 'इंधन' वाचलेली असते. दलवाईंच्या धर्मविषयक मतांशी माझे अनेक ठिकाणी पटत नाही. तरीही ही कादंबरी हातात घ्या म्हणून सांगतो. अनेक वर्षांनी गावी परतलेला एक मुसलमान आणि कोकणातले एक गाव एवढाच तिचा पसारा. मुसलमान, कुळवाडी, महार, ब्राह्मण अशी सगळी वस्ती तिथे आहे, आणि छोट्या गोष्टीवरून गाव कसे पेट घेते ते लेखक दाखवतो. त्यात तो कोणालाही सोडत नाही, स्वतःच्या घरालाही नाही. वाचताना मुसलमान वाचकाला खुपेल आणि हिंदू वाचकालाही खुपेल. ज्याला फक्त समोरच्याचा दोष दिसला, त्याने ती पुन्हा वाचावी. दिलीप चित्रे यांनी तिचा इंग्रजी अनुवादही केला आहे, म्हणजे बाहेर वाढलेल्या मुलांची सोय झाली.

दुसरी शिफारस दहा मिनिटांची आहे. प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा. ईदच्या जत्रेत हातात जेमतेम तीन पैसे असलेला छोटा हमीद मिठाई आणि खेळणी सोडून आजीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी करताना तिची बोटे भाजतात. रोजा माणसाला काय शिकवतो, यावर मी पानभर लिहिले तरी या चिमट्याची सर येणार नाही. ईदची सगळ्यांत गाजलेली ही कथा एका हिंदू लेखकाची आहे, हेही मुलांना सांगा. घरात कोणी शाळकरी असेल तर इफ्तारच्या आधी मोठ्याने वाचून दाखवावी. भूक लागलेल्या वेळी ती जास्त कळते.

तिसरे पुस्तक पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी सगळ्यांना 'श्यामची आई'मुळे माहीत आहेत. त्यांनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विनोबांनीही 'कुराण-सार' तयार केले. ही दोन्ही पुस्तके कोणी धर्मप्रचारासाठी लिहिलेली नाहीत. शेजाऱ्याच्या घरात काय आहे ते समजून घ्यावे, या ओढीने दोन मराठी माणसांनी केलेले ते काम आहे. इस्लामची पहिली ओळख मराठीत करून घ्यायची असेल तर फोनवर फिरणाऱ्या संदेशांपेक्षा ही वाट बरी.

सिनेमात एकच सांगायचा तर १९७३ चा 'गरम हवा'. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू. फाळणीनंतर आग्र्यातच राहिलेल्या, चपलांचा व्यवसाय करणाऱ्या सलीम मिर्झांची ही गोष्ट. बलराज साहनींनी ते काम केले आणि चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच ते गेले. यात मोठी भाषणे नाहीत. बँक कर्ज देत नाही, घर हातचे जाते, एकेक नातेवाईक निघून जातो, आणि म्हातारा रोज सकाळी कारखान्यात जात राहतो. "तुम्ही इथेच का राहिलात?" असे ज्यांना कधी विचारावेसे वाटले असेल, आणि ज्यांना हा प्रश्न कधी ऐकावा लागला असेल, त्या दोघांनीही हा चित्रपट शक्यतो एकत्र बसून पाहावा.

दूरदर्शनच्या काळातली दोन नावे. गुलजार यांची १९८८ ची 'मिर्झा गालिब' मालिका. नसीरुद्दीन शहा यांचा अभिनय, जगजित सिंग आणि चित्रा सिंग यांचा आवाज. उर्दू येत नाही म्हणून गालिबला घाबरणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. दुसरी तर घराघरांत पाहिली गेली, बी. आर. चोप्रांचे 'महाभारत'. तिचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. 'आधा गाँव' ही आपल्या गावाची कादंबरी लिहिणारा लेखक महाभारत लिहितो आणि रविवारी सकाळी सारा देश ते ऐकत बसतो, ही गोष्ट फार जुनी झालेली नाही.

गाण्यात मला अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव घ्यायचे आहे. कैराण्याहून आलेले खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये गेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून लहानग्या भीमसेनने घर सोडले, हे पंडितजी स्वतःच सांगत. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी गाणे होते. ती ठुमरी आधी ऐका आणि मग भीमसेनजींचा एखादा अभंग लावा. आवाज वेगळा आहे, पण सुराची नाळ कुठे जुळते ते कानाला कळेल.

आता माझ्या समाजाच्या वाचकांसाठी. शिफारस एका बाजूनेच करायची नसते. आमची बरीच मुले उर्दू माध्यमात शिकतात. त्यांना इक्बाल, प्रेमचंद माहीत असतात, पण ज्या मातीत राहतो तिथले मराठी पुस्तक हाती पडलेले नसते. त्यांना श्री. ना. पेंडसे द्या. 'गारंबीचा बापू'ने सुरुवात करा. मग जगबुडी नदीकाठचे 'तुंबाडचे खोत'. खोत, कुळे, खाडी, गलबते यांनी आपल्या आजोबा-पणजोबांचेही आयुष्य घडवले आहे. मोठ्यांनी रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' वाचावे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. मराठी आपली नाही, असे कोणी म्हणाले तर उत्तर द्यायला हे एक पुस्तक पुरेसे आहे.

कोणी म्हणेल, हल्ली फोनच सगळे सुचवतो, माणसाने सुचवायची गरज काय? फोन तुम्ही काल जे पाहिले त्यासारखेच आज दाखवतो. रागाचे पाहिले की रागाचेच आणखी पाठवतो. शेजाऱ्याला काय आवडते हे त्याला माहीत नसते, आणि त्याचे त्यात काही अडतही नाही. आपले मात्र अडते. एका आळीत राहून दोन घरांत दोन वेगळी जगे दिसू लागली, की एखाद्या अफवेला मधली भिंत उभी करायला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत. ईदला शीरखुर्मा जातो, दिवाळीला त्याच भांड्यातून फराळ येतो. हा रिवाज आपण टिकवला आहे. या ईदला भांड्यासोबत एक पुस्तक द्या, वाचून झाल्यावर परत मागा, आणि परत येताना त्यांच्या आवडीचे एक यावे असा आग्रह धरा. पुस्तक विकत घेणे जमत नसेल तर वाचनालयात जा, तिथे नसेल तर मागणी नोंदवा. वर सांगितलेले एखादे पुस्तक आवडले नाही, तर तसे शेजाऱ्याला तोंडावर सांगा. त्यावरून होणारे भांडण पुस्तकापुरते राहील, आणि तेवढे भांडण शेजाऱ्यांत असायलाच हवे.