दिग्विजय की चढाई?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा सिन्नरला आला होता. अंगणातला मातीचा किल्ला अर्धवट टाकायला लावून त्याला गोंदेश्वर दाखवायला नेले. ते काळ्या दगडाचे देऊळ पाहून स्वारी खूष झाली. मलाही चेव आला. म्हटले, "अरे, आपले सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी! पुढे पाचव्या भिल्लमाने देवगिरी वसवली. महादेवरायाने तर १२६५ च्या सुमारास उत्तर कोकणचे शिलाहारांचे राज्यच जिंकले."

"का? त्यांनी काय केले होते?"

मी जरा गडबडलो. शिलाहार सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे महादेवाचाच मंत्री हेमाद्री सांगतो. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर नौकांची लढाई कोरलेली आहे. ती हीच, असे काही अभ्यासक मानतात. पण सोमेश्वराचा अपराध कोणता? मला तरी एवढाच दिसतो, की ठाण्यासारखे बंदर त्याच्याकडे होते आणि बळ यादवांकडे होते.

विषय बदलावा म्हणून मी अल्लाउद्दीन खलजीकडे वळलो. १२९६ साली हा कड्याचा सुभेदार दिल्लीच्या सुलतानाला, म्हणजे सख्ख्या चुलत्याला, न कळवता देवगिरीवर चालून आला. यादवांचे मुख्य सैन्य तेव्हा बाहेर होते. रामदेवरायाने त्याचे काही बिघडवले नव्हते. अल्लाउद्दीनला हवे होते दिल्लीचे तख्त, आणि त्यासाठी पैसा. देवगिरीच्या लुटीच्या जोरावर त्याने त्याच वर्षी चुलत्याचा काटा काढला आणि तख्त बळकावले.

"म्हणजे ते आक्रमण," भाचा म्हणाला, "आणि आपले?"

"आपला दिग्विजय," मी म्हणालो खरा, पण जीभ अडखळली.

बलाढ्यांना शब्दांची वाण कधी पडत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर फौजा घातल्या, तेव्हा त्याला 'विशेष लष्करी कारवाई' म्हटले. शेजाऱ्यापासून धोका, जुने नाते, आपल्या माणसांचे रक्षण, अशी कारणे तयार असतात. त्यांतले एखादे थोडेफार खरेही असेल. पण शेजाऱ्याचे घर का फोडले, याचे उत्तर बहुधा फोडणाऱ्याच्याच घरात सापडते. कुठे तिजोरी रिकामी असते, कुठे गादी डळमळीत असते.

संध्याकाळी अंगणात येऊन पाहतो, तो किल्ल्याची तटबंदी शेजारच्या काकूंच्या अंगणात हातभर शिरलेली!

"हे काय रे?"

मातीचे हात न पुसता भाचा म्हणाला, "मामा, तिकडची माती चांगली आहे."