‘ब्रेक फेल’च्या आधी काय फेल होतं?

पावसाळ्यातला रविवार. वलगावला चहा मारून परतवाड्याकडे निघालेल्या बाइक्स तुम्ही पाहिल्याच असतील, कदाचित त्यातली एक तुमचीच असेल. चिखलदरा गाठायचं, धुक्यात सेल्फी काढायचे आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल! या न्यूट्रलबद्दलच बोलायचंय. कारण हाच हिशेब पंचवीस टनांच्या ट्रकमध्ये बसलेला माणूसही करतो.

13 नोव्हेंबर 2025 रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावर बेकाबू झालेला कंटेनर वाहनांवर आदळला, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्याआधी 4 जुलै 2023ला धुळे जिल्ह्यात पळासनेरजवळ कंटेनर थेट हॉटेलात घुसला, किमान दहा जण गेले. दोन्ही वेळी पहिली बातमी एकच: ब्रेक फेल. आपण हळहळतो आणि पुढचं रील बघतो. पण 20 नोव्हेंबर 2022च्या रात्री याच नवले पुलावर एका ट्रकने दोन डझनांच्या आसपास गाड्या उडवल्या, तेव्हाही आधी ‘ब्रेक फेल’च सांगितलं गेलं. तपासात समोर आलं ते वेगळंच. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं.

आता थोडं बारावीचं फिजिक्स. पंचवीस टनांचा ट्रक 100 मीटर खाली उतरतो, तेव्हा जवळपास सात युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. गाडी न्यूट्रल असेल तर ती बहुतेक सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते, तीही काही मिनिटांत. ड्रम तापून फुगतो, लायनर जळायला लागतं, पकड सुटते. पाय पेडलवर पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी पळतच असते. इंजिनच बंद असेल तर हवेचा कॉम्प्रेसरही थांबतो. चारदोनदा ब्रेक मारला की टाकीतला दाब उतरतो. स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर उलटं घडतं. चाकं इंजिनाला फिरवतात, पिस्टनला हवा दाबावी लागते आणि तो विरोध गाडीला मागे ओढून धरतो. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर धुराची वाट अडवून हा विरोध आणखी वाढतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, पडता पडता न्यूट्रलमध्ये अडकतो.

गंमत म्हणजे डिझेलही वाचत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला, की इंधनच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

मग ड्रायव्हर असं करतो काहून? बेपर्वाई म्हणून विषय संपवणं सोपं आहे. पण अनेक ठिकाणी फेरीचं डिझेल ठरवून दिलेलं असतं. वाचेल ते ड्रायव्हरचं, कमी पडेल तेही त्याच्याच पगारातून. अपघातानंतर आपण कॅमेरे, वेगमर्यादा आणि रम्बलर यांवर बोलतो. ते हवंच. पण त्या डिझेलच्या हिशेबाकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते खरी दुरुस्ती तिथेच व्हायला हवी.

तुमच्या बाइकलाही हेच लागू आहे: दुसरा-तिसरा गिअर, इंजिन चालू. स्कूटरवाल्यांना इंजिनचा आधार फारसा मिळत नाही, त्यांनी मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत. आणि घाटात पुढचा ट्रक घरघर करत मुंगीच्या चालीने उतरत असेल तर हॉर्न वाजवू नका, तो बरोबर चाललाय. मात्र चाकांतून जळका वास येत असेल तर ओव्हरटेक करून त्याच्या पुढे जायचं नाही. मागेच थांबायचं, अंतर ठेवून.