डॉक्टर स्क्रीनवर, पेशंट वाटेवर!

मित्रांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी कधी नीट वाचलीत? दर वर्षी टेलिमेडिसिनचा एखादा विषय त्यात असतोच. कॅमेरा, सर्व्हर, थोडं कोडिंग आणि शेवटी 'ग्रामीण जनतेस उपयुक्त' असं ठोकून दिलेलं वाक्य! माझं म्हणणं एवढंच की, अर्धांगवायूच्या बाबतीत हे वाक्य इतक्या स्वस्तात लिहिता येत नाही.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणजे स्क्रीनवर कितीही हुशार न्यूरॉलॉजिस्ट बसवा, स्कॅनशिवाय त्याचे हात बांधलेलेच.

हिमाचल प्रदेशने २०१४ मध्ये नेमकं हेच ओळखलं. सीटीची सोय असलेली १७ रुग्णालयं निवडली, तिथल्या फिजिशियनना शिकवलं आणि इंजेक्शन मोफत दिलं. स्कॅनचे फोटो साध्या स्मार्टफोनवरून शिमला आणि टांड्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जायचे. सुरुवातीच्या काळात २६ पेशंटना इंजेक्शन मिळालं. आकडा छोटा वाटेल, पण डोंगरातल्या त्या २६ घरांना विचारा!

आता आपल्याकडे या. गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण अर्धांगवायू, सातातला एक मृत्यू त्याचा. त्यातले बहुतेक जण घरीच गेले. ज्या स्क्रीनवर डॉक्टर दिसणार होता, तिथवर ते पोचलेच नाहीत.

कुणी म्हणेल, रस्ते आणि अँब्युलन्स हा आपला विषय नाही. का नाही? सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल याच बिल्डिंगमध्ये आहेत ना? बंद पडलेलं सीटी मशीन, गेलेली वीज, पुरात बुडालेला पूल हे इंजिनिअरचेच प्रश्न. म्हणून सरांना विनंती, व्हायवात एकच प्रश्न विचारा : लक्षण दिसल्यापासून इंजेक्शनपर्यंतची किती मिनिटं तुमच्या यंत्राने वाचतात?

आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं सांगाच : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर तेल चोळत बसू नका. घड्याळ बघा आणि १०८ लावा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स