सायकलचं बिल कुठाय?

माझ्या पहिल्या ऑफिसात पेट्रोलचं बिल लावलं की महिनाअखेरीला पैसे मिळायचे. स्कूटीवाल्या समस्त जनतेचा हक्काचा पॉकेटमनी! मध्येच मला फिटनेसचं भूत चढलं आणि मी चार महिने सायकलने ऑफिस गाठलं. बॉसने भर मीटिंगमध्ये कौतुकबिवतुक केलं. मी खूश. पण अकाउंट्समधल्या काकांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न टाकला, ‘‘सायकलचं बिल कुठाय?’’

बिल नाही, म्हणून पैसे नाहीत. पाचव्या महिन्यात स्कूटी पुन्हा बाहेर आली.

ही जुनी जखम परवा मालवणात भळभळली. लॅपटॉप उचलून मी मावशीकडे मुक्काम ठोकला होता. मालवणहून वायरीमार्गे तारकर्लीला जाणारा रस्ता म्हणजे सायकलवाल्यांचा स्वर्ग. सपाट, माडांच्या सावलीतला, जेमतेम सहा-सात किलोमीटरचा. निवांत गेलात तरी अर्धा तास. तरीही कामावर निघालेली पोरं भुर्रकन बाईकवरून पुढे जात होती. रिसॉर्टच्या रिसेप्शनवर काम करणाऱ्या एकाला मी विचारलंच, सायकल का नाही? तो हसला. ‘‘पेट्रोलचे पैशे शेठ देता. सायकलीक कोण इचारता? आणि घामान भिजान रिसेप्शनवर उभो कसो रवू?’’

बॉस लोकहो, तुमचं अख्खं एचआर या तीन वाक्यांत आलं!

आपल्याकडे कंपन्यांना सायकलप्रेमाचा उमाळा आला की काय होतं? वर्षातून एकदा सायकल डे. फुकट टी-शर्ट, ग्रुप फोटो, वर पोहे. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पुन्हा गाड्याच गाड्या. कारण सायकलला टाळ्या मिळतात आणि गाडीला पैसे.

गंमत म्हणजे, सायकलसाठी पैसे मोजणारा एक मालक आपल्या देशात आधीपासून आहे. आपलं टपाल खातं! पोस्टमनचा सायकल भत्ता सातव्या वेतन आयोगाने बंद करायला सांगितला होता. 2017 मध्ये सरकारने पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो चालू ठेवला आणि महिना 90 रुपयांवरून 180 रुपये केला. रक्कम चिल्लर वाटेल. पण मुद्दा रकमेचा नाहीच. सायकल हे कामाचं वाहन आहे, हे मालकाने मान्य केलं ना!

बाहेरच्या देशांतही तोच फंडा चालतो. नेदरलँड्समध्ये 2024 साली कंपनी कर्मचाऱ्याला ये-जा करायला किलोमीटरमागे 23 युरो सेंट करमुक्त देऊ शकत होती, मग तो कारने येवो की सायकलने. ब्रिटनमध्ये 1999 पासून अशी योजना आहे की कंपनी सायकल घेते, कर्मचाऱ्याला वापरायला देते आणि कर लागण्याआधीच्या पगारातून हप्ते कापते.

आता आपला हिशेब मांडू. रोजचे जाऊन-येऊन 14 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 350 किलोमीटर. स्कूटी लिटरला 45 देते असं धरा, पेट्रोल 100 रुपये धरा. झाले पावणेआठशे. हेच पैसे बिल न मागता किलोमीटरवर द्या. कंपनीला एक पैसा जास्त पडत नाही.

बाकीच्या गोष्टी तर अगदीच साध्या. एक नहाणी आणि कपडे ठेवायला कप्पा. सायकलवर पक्कं छप्पर, कारण मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात चेन बघता बघता गंजते. हवेचा पंप, तेलाची बाटली. सकाळी दहा मिनिटांची सूट, म्हणजे माणूस आंघोळ करून माणसासारखा खुर्चीत बसेल. जून ते सप्टेंबर कोकणातला पाऊस बघता ‘आज बसने आलो’ म्हणणाऱ्याचा भत्ता कापू नका. आणि कुंभारमाठचा चढ चढून घरी जाणाऱ्याला सायकलची सक्ती तर अजिबात नको. सक्तीने फक्त शिव्या मिळतात!

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. मावशीकडून निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सातला तारकर्लीच्या रस्त्यावर मला एक सायकल दिसली. हँडलला डबा, मागे कॅरियरला बांधलेला झाडू. रिसॉर्टमध्ये साफसफाई करणाऱ्या ताई. मी विचारलं, ‘‘तुम्हाला येण्याजाण्याचे पैसे मिळतात?’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझी गाडी खंय आसा?’’

त्यांना कुणी सायकल डेला बोलावलेलं नाही. टी-शर्टही दिलेला नाही. आपल्याला जी ‘ग्रीन लाइफस्टाइल’ वाटते, ती त्या रोज जगतात, आणि बिल नाही म्हणून हातात शून्य. तुमच्याही ऑफिसच्या गेटवर, पँट्रीत अशी माणसं आहेतच. एकदा बघा, त्यांच्या सायकली कुठे उभ्या असतात? बहुतेक कंपाउंडबाहेर, उन्हात.

तेव्हा सोमवारी एचआरला मेल टाकाच. फक्त पहिल्या ओळीत आपलं नाव घालू नका, त्यांचं घाला. आणि अकाउंट्सच्या काकांनी बिल मागितलं, तर सांगा, पोस्टमनकाकांना विचारा!